वोझनींच्या शेताचा फेरविचार

स्टाशा झारेम्बाने एकतीस वर्षं एलिंगफर्डच्या शाळेची सात नंबरची बस चालवली. निवृत्त झाल्यावर ती पायी फिरायला लागली, असं गावातले लोक सांगतात. ते खरं नाही. बस चालवत होती तेव्हाही ती फिरतच होती, फक्त शनिवारी. गावाने कायमच्या मोकळ्या राखलेल्या अठरा जमिनी आहेत. प्रत्येकीच्या हद्दीवरून वर्षातून एकदा कुणीतरी चालत जायचं, ठरलेल्या जागांवरून फोटो काढायचे आणि गेल्या वर्षीपेक्षा काय बदललं ते लिहायचं, असा नियम आहे. हे काम गावाच्या संवर्धन समितीचं. समितीत सात जण असतात, पगार कुणालाच नसतो, आणि चिखलातून चालायची वेळ आली की सातांपैकी सहा जणांचे गुडघे दुखत असतात.

तिच्या अहवालांत बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: ‘बदल नाही.’ बदल असला की ती आधी पत्र पाठवते आणि मग स्वतः दार वाजवते. मिल रोडवरच्या दातांच्या डॉक्टरांनी मुलांसाठी उड्या मारायची मोठी जाळी मांडली होती. ती गावाच्या कुरणात आठ फूट आत गेली होती. आठ फुटांनी असं काय बिघडतं, असं डॉक्टरांनी हसत विचारलं.

स्टाशा म्हणाली, “काही नाही बिघडत. म्हणून तर पुढच्या वर्षी सोळा होतात. कीड लागलेल्या दाताबद्दल तुम्ही माझ्या भावाला हेच सांगितलं होतंत.”

जाळी त्याच आठवड्यात हलली.

ती समितीत आली १९९८ साली. का आलीस, असं विचारलं तर ती सांगते की जागा रिकामी होती आणि मंगळवारची संध्याकाळ मोकळी होती. त्या वेळी तिला जमिनीबद्दल काही ठाऊक होतं असं नाही. बसच्या रस्त्यावरून गाव दिसायचं, तेवढंच. नदीकाठची पोलिश कुटुंबांची शेतं, कांदा, तंबाखू, अ‍ॅस्पॅरॅगस. दर दोन वर्षांनी एखाद्या शेताच्या जागी घरं व्हायची, नवा थांबा तयार व्हायचा, आणि तिला बस आणखी एकदा थांबवावी लागायची.

२००४ साली हेझ कुटुंबाचं गवताळ रान विकायला निघालं. कर्ज काढून ते गावाने घ्यावं, असा ठराव स्टाशाच्या समितीने गावसभेत आणला. आमची गावसभा वर्षातून एकदा भरते, मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी, शाळेच्या व्यायामशाळेत. मतदारयादीत नाव असलेला कुणीही येतो, दारात पिवळं कार्ड घेतो आणि ते वर करून मत देतो. कर्जाचा ठराव असेल तर दोन तृतीयांश मतं लागतात. हेझच्या रानाला ती मिळाली, वर नऊ जास्त मिळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरची वाट धरली. मे महिन्यात अ‍ॅस्पॅरॅगस रोज कापावा लागतो. एक दिवस चुकला की कोंब हातभर वाढून निबर होतात. स्टाशाही गेली.

दुपारी एक वाजता सभागृहात ऐंशी माणसं उरली होती. तेव्हा मर्ल टटल उभा राहिला. मर्लचा माती खोदायचा, रस्ते करायचा धंदा होता, आणि हेझच्या रानावर घरं झाली तर खोदकाम त्याच्याकडेच येणार होतं. आमच्या सभेच्या नियमाप्रमाणे झालेल्या ठरावाचा फेरविचार मागता येतो, पण तो जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या माणसानेच मागायचा, आणि एका ठरावाचा फेरविचार एकदाच मागता येतो. मर्लने सकाळी ठरावाच्या बाजूने कार्ड वर केलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं, काहींनी त्याची पाठही थोपटली होती. आता त्याने सांगितलं की जेवताना त्याचं मत बदललं. उरलेल्या ऐंशी जणांनी विषय पुन्हा उघडला, पुन्हा मत घेतलं आणि ठराव पाडला. स्टाशाला हे संध्याकाळी कळलं, दुकानात दूध घेताना.

त्या रानात आता एकोणीस घरं आहेत. तिथे बोबोलिंक नावाचे पक्षी घरटी करायचे, म्हणून रस्त्याला बोबोलिंक लेन असं नाव दिलं आहे. पक्षी नाहीत.

या पराभवातून एक गोष्ट झाली. दर वेळी कर्जाची भीक मागण्यापेक्षा आधीच पैसे बाजूला ठेवावेत, असं गावाला पटवण्यात स्टाशाने दोन वर्षं घालवली. २००६ साली घरपट्टीवर तीन टक्के अधिभार बसवायचा निर्णय मतपेटीतून झाला. त्यातून गरीब म्हातारी माणसं वगळली. गाव जेवढे पैसे जमवतं त्यावर राज्य आपला थोडा वाटा घालतं. त्या निधीतून मोकळ्या जागा घेतात, जुन्या इमारती दुरुस्त करतात, स्वस्त घरं बांधतात. पैसा कुठे घालायचा ते एक समिती सुचवते, पण मंजुरी गावसभेचीच लागते. घेतलेल्या जमिनीवर कायमचं बंधन येतं, आणि त्या बंधनाचा कागद गावाकडे राहत नाही. तो खोऱ्यातल्या एका भूमी न्यासाकडे जातो. उद्या गावाचं मन फिरलं तरी न्यास नाही म्हणू शकतो. स्टाशाच्या शब्दांत, तिजोरी आपली, किल्ली शेजाऱ्याकडे.

वोझनींचं शेत हे गावातलं शेवटचं मोठं शेत, नदीला लागून, बेचाळीस एकर. टेडी वोझनी एकोणऐंशी वर्षांचा, मुलं दूर, गुडघे बदललेले. एका कंपनीने तिथे गोदाम बांधायला चौदा लाख डॉलर देऊ केले. टेडी इतकी वर्षं शेतीसाठीचा कमी कर भरत होता. तशी जमीन बांधकामाला विकायची तर आधी गावाला कळवावं लागतं, आणि त्याच भावाने ती घ्यायला गावाला एकशेवीस दिवस मिळतात. टेडीच्या वकिलाने नोव्हेंबरात नोंदणीकृत पत्रं पाठवली. हिशेबाने मुदत मार्चमध्ये संपत होती आणि गावसभा होती मे महिन्यात.

स्टाशा गावकचेरीत गेली आणि कुणाकुणाला पत्र आलं ते विचारत फिरली. पंचमंडळाला आलं होतं, कर खात्याला आलं होतं, नियोजन मंडळालाही आलं होतं. संवर्धन समितीच्या टपालाच्या खणात एका बियाणं कंपनीची जाहिरात होती, बाकी काही नाही. कायद्यात चारही जागी पत्र द्या असं लिहिलं आहे. वकिलाला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चार नवी पत्रं पाठवावी लागली, आणि दिवस नव्याने मोजायला सुरुवात झाली.

टेडी तिच्यावर चिडला. शाळेत तो तिच्या दोन वर्ग पुढे होता.

“तुझ्यामुळे माझे दोन महिने गेले,” तो म्हणाला.

“तुझ्या वकिलामुळे गेले. मी फक्त खण उघडून पाहिला.”

“मला गोदामाचं प्रेम नाही, स्टाशा. पैसे कंपनीचे असोत नाहीतर गावाचे, चेक वटला पाहिजे.”

“वटेल.”

खात्रीने सांगण्यासारखं तिच्या हातात तेव्हा काही नव्हतं. निधीत नऊ लाख होते. उरलेल्या पाच लाखांचं कर्ज पुढच्या वर्षांच्या अधिभारातून फेडायचं, असा तिचा प्रस्ताव होता. कर्ज आलं म्हणजे दोन तृतीयांश मतं आली.

वित्त समितीचा अध्यक्ष डेल टिबडो तिच्या विरोधात होता. डेल प्रामाणिक माणूस आहे. गावाची शाळा, अग्निशमनाची गाडी, रस्त्यावरचं मीठ हे सगळं करातून येतं आणि गोदाम कर देतं, गावाने घेतलेलं शेत देत नाही, हे त्याचं साधं म्हणणं. एप्रिलमधल्या बैठकीत दोघांची जुंपली. ती पाहायला तीस माणसं आली होती. वित्त समितीच्या बैठकीला एवढी गर्दी कुणाच्या आठवणीत नव्हती.

“कांद्याच्या वाफ्याला शाळेची बस लागत नाही, डेल,” स्टाशा म्हणाली. “मी एकतीस वर्षं चालवलीय, मला ठाऊक आहे.”

“गोदामालाही मुलं होत नाहीत.”

“गोदामाला ट्रक होतात. रोज दोनशे. तुझ्या अंगणासमोरून.”

डेलने आकडा तपासायला कागद उलटले. एकशेनव्वद होता. त्याने तो वाचून दाखवला आणि आपण तरीही विरोधातच मत देणार, असं सांगितलं.

पुढचे पाच आठवडे स्टाशाने दारं वाजवली. तिची एक सोय होती. पंचेचाळिशीच्या आतल्या निम्म्या गावाला तिने लहानपणी बसमधून नेलं होतं, आणि कोण कुठल्या दारातून बाहेर येतं हे तिला पाठ होतं. तिने वहीत नावं लिहिली नाहीत. लोक शेवटच्या दिवशी बदलतात, असं तिचं मत आहे. तिने फक्त प्रत्येकाला एक गोष्ट सांगितली: मत दिल्यावर लगेच उठू नका.

कारण तिने उपाय शोधून ठेवला होता. फेरविचार एकदाच मागता येतो. मग जिंकल्याबरोबर, सभागृह भरलेलं असतानाच आपल्याच बाजूच्या माणसाने तो मागायचा आणि सगळ्यांनी मिळून तो पाडायचा. त्यानंतर दुपारी एक वाजता कुणाचं मत बदललं तरी उपयोग नाही. आजूबाजूच्या गावांत हे नेहमीचं आहे. आमच्याकडे कुणी केलं नव्हतं. फेरविचार मागायचं काम तिने एनॉक फेअरबँक यांच्यावर सोपवलं. हे चौऱ्याऐंशी वर्षांचे गणिताचे जुने शिक्षक, तिचेही शिक्षक. गावात त्यांच्या शब्दाला कुणी हसत नाही. मत झालं की उठून एक प्रस्ताव मांडायचा, एवढंच तिने सांगितलं आणि ते हो म्हणाले. नेमकं काय म्हणायचं ते तिने सांगितलं नाही, कारण गावसभा त्यांनी साठ वर्षं पाहिली होती.

सभेच्या दिवशी दुपारचं जेवण पोलिश चर्चच्या बायकांकडे होतं. त्यांची प्रमुख म्हणजे स्टाशाची भावजय यादझा. शाळेच्या जेवणघरात पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, आणि कोबी. सकाळी अकराच्या सुमारास विषय क्रमांक तेवीस आला, वोझनींच्या शेताचा. स्टाशा चार मिनिटं बोलली. डेल सहा मिनिटं बोलला आणि एकशेनव्वद ट्रकही सांगून गेला. टेडीने बोलायला नकार दिला. मग कार्डं वर झाली आणि चार मोजणारे रांगांमधून फिरू लागले.

स्टाशा पुढे उभी होती, तोंड लोकांकडे. डावीकडच्या पाचव्या रांगेत रसेल टटल बसला होता. मर्लचा मुलगा, खोदकामाचा धंदा आता त्याचा. त्याच्या कुंपणावर महिनाभर ‘तेवीसला नाही म्हणा’ अशी पाटी होती. रसेलचं कार्ड वर होतं, ठरावाच्या बाजूने, कोपर सरळ.

सभापतीबाईंनी आकडे वाचले. बाजूने दोनशे आठ, विरोधात एकशेचार. ठराव मंजूर.

टाळ्या वाजल्या. जेवणघरात यादझाने टाळ्या ऐकल्या आणि वाढपाच्या खिडकीचं शटर वर केलं. लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास व्यायामशाळेत आला आणि मागच्या रांगा उठायला लागल्या. मत दिल्यावर बसून राहा, हे स्टाशाने घरोघर सांगितलं होतं. भावजयीला सांगायचं राहिलं होतं.

ती एनॉक यांच्या खुर्चीपाशी गेली.

“सर, आता.”

“काय म्हणायचं आहे?”

“म्हणायचं की फेरविचार व्हावा असा मी प्रस्ताव मांडतो.”

“मला फेरविचार नको आहे, अनास्ताझिया.” हजेरी घेतल्यासारखं ते अजूनही तिचं पूर्ण नाव घेत.

“मलाही नको आहे, सर. म्हणून तर मांडायचा.”

“जे मला नको आहे ते मला हवं आहे असं मी तीनशे माणसांसमोर सांगणार नाही,” एनॉक म्हणाले. “ते खोटं होईल.”

हे त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि वाद घालायची ती जागा नव्हती. स्टाशा ध्वनिक्षेपकाकडे गेली. तिने स्वतःच ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं, तेव्हा नियमाची अडचण नव्हती. तिने फेरविचाराचा प्रस्ताव मांडला. सभापतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि तिला खरोखर ठराव पुन्हा उघडायचा आहे का, असं विचारलं.

“नाही. तुम्ही सगळ्यांनी नाही म्हणावं म्हणून विचारतेय.”

सभागृह हसलं. डेल उठून म्हणाला की ही सभेची थट्टा आहे. सभापतीबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, एक पान वाचलं, आणि थट्टा असली तरी नियमात बसते, असा निर्णय दिला. प्रस्ताव आता सभेपुढे होता. आणि सभा पिएरोगीच्या रांगेत जाऊन उभी राहत होती. जाणाऱ्यांत स्टाशाची माणसं जास्त होती. चर्चची, शेतांवरची, पहाटेपासून उपाशी असलेली. विरोधक जागचे हलले नव्हते. रसेल टटल मांडीवर कार्ड ठेवून दाराकडे पाहत होता आणि बाहेर जाणारी डोकी मोजत होता. असंच आणखी दोन मिनिटं चाललं असतं तर स्टाशाने स्वतः उघडलेल्या दारातून शेत बाहेर गेलं असतं.

तिने ध्वनिक्षेपक बाजूला सारला. बसमध्ये तो कधी नव्हता.

“मी उभी आहे तोवर कुणी उभं राहायचं नाही,” ती म्हणाली. “मागे बसलेत त्यांनीसुद्धा. विशेषतः मागे बसलेत त्यांनी.”

आवाज मोठा नव्हता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची माणसं, काही टक्कल पडलेली, एक तर पोलीस खात्यातला, जिथे होती तिथल्या खुर्चीत बसली. दारात पोचलेले मागे फिरले. मग तिने जेवणघराच्या दिशेने हाक मारली, “वहिनी, शटर.” शटर खाली आल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रांगेतले लोक काटे हातात घेऊन परत आले. दोघांच्या ताटात पिएरोगी होत्या आणि त्या त्यांनी उभ्या उभ्या संपवल्या.

कार्डं वर झाली. फेरविचाराच्या बाजूने अठ्ठ्याण्णव, विरोधात एकशेनव्वद. प्रस्ताव पडला. सभापतीबाईंनी सांगितलं की विषय तेवीस आता संपला, आज पुन्हा उघडणार नाही, आणि शटर वर करायला हरकत नाही.

डेल आपल्या जागी बसून होता. आकडे दिसले की तो भागाकार केल्याशिवाय राहत नाही. एकूण तीनशे बारा, त्याचे दोन तृतीयांश दोनशे आठ. बरोबर दोनशे आठ, एकही मत जास्त नाही. तो उठला आणि जेवणाच्या रांगेत रसेलच्या मागे जाऊन उभा राहिला.

“रसेल, पहिल्या मोजणीत तुझं कार्ड कधी वर झालं?”

रसेल रांगेत एक पाऊल पुढे सरकला.

“तू खरं मत दिलं असतंस तर दोनशे सात झाली असती. नुसता बाहेर सिगारेट ओढत उभा राहिला असतास, तरी ठराव पडला असता.” डेलने ताट उचललं. “चौदा लाखांचं शेत तू गावाला घेऊन दिलंस. तुझ्या बापाला निदान मोजता येत होतं.”

ही गोष्ट दोन वाजेपर्यंत सगळ्या गावाला कळली. स्टाशाला ती यादझाने सांगितली. स्टाशा एवढंच म्हणाली की मत हे मत असतं, ते कुठल्या कारणाने दिलं हे कार्डावर लिहीत नाहीत.

पंचमंडळाने दहा दिवसांनी गावाचा हक्क नोंदवला. मुदतीला तेव्हा तीन दिवस उरले होते. टेडीचा चेक सप्टेंबरात वटला. बंधनाचा कागद न्यासाकडे गेला. त्यात लिहिलं आहे की जमीन शेतीसाठीच, पक्ष्यांची पिल्लं उडेपर्यंत नदीकडच्या पट्ट्यातलं गवत कापायचं नाही, आणि रस्त्याच्या कडेला फिरायला येणाऱ्यांसाठी सहा गाड्यांपुरती खडीची जागा. त्या कामाची निविदा निघाली. सगळ्यात कमी दर रसेल टटलचा होता, आणि गावाच्या नियमाप्रमाणे काम त्यालाच मिळालं. त्याने ते मागितलं याचं काहींना नवल वाटलं. त्यात नवल नाही. ऑक्टोबरात त्याचं खोदयंत्र रिकामं असतं.

स्टाशा पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता तिथे उभी होती. टेप आणि कराराची प्रत घेऊन. रसेलने खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. तिने टेप लावला.

“ही आठ गाड्यांची जागा आहे,” ती म्हणाली.

“आठ सहज बसतात. खडी मी आणलीच आहे. जास्तीचे पैसे मागत नाही.”

“सहा.”

“दोन गाड्यांनी काय फरक पडतो? सगळं गावाचंच तर आहे.”

“करारात सहा आहे.”

“करार कोण बघायला येतंय?”

“मी आलेय.”

रसेल यंत्राचं इंजिन बंद करून खाली उतरला, कडेच्या चार खुंट्या उपटल्या आणि त्या रस्त्याच्या बाजूला सरकवून पुन्हा ठोकल्या. स्टाशाने टेपचं दुसरं टोक धरलं होतं. शेवटची खुंटी तिने त्याला अर्धा फूट आणखी अलीकडे घ्यायला लावली.